खिडकी, फक्त बाहेरून

इंग्रजांच्या जॉर्जियन धाटणीच्या इमारतींना डाव्या-उजव्याच्या सारखेपणाचं भारी वेड. दार बरोब्बर मध्यभागी, त्यावर अर्धगोल काच, उजवीकडे तीन खिडक्या म्हणून डावीकडेही तीन. आतल्या माणसाला उजेड कुठे हवा, हे कोणी विचारत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याचे डोळे निवले की झालं.

सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसपासून चालत जाता येईल असा एक जुना पब दुरुस्तीसाठी आमच्या ऑफिसकडे आला आणि आर्किटेक्ट म्हणून माझ्या गळ्यात पडला. जाड विटांच्या भिंती, गोल खांब, वर त्रिकोणी कपाळपट्टी. डावीकडची शेवटची खिडकी मात्र खोटी होती. चौकट होती, हिरवी झडपं होती आणि झडपांमागे सरळ गिलावा. तो खरवडल्यावर वेगळ्याच विटा निघाल्या. म्हणजे मुळात तिथे खरी खिडकी होती, नंतर कोणीतरी बुजवली होती.

त्या भिंतीमागे भांडी धुण्याची खोली होती. काम टप्प्याटप्प्याने चाललं होतं, त्यामुळे पब सुरूच होता आणि तिथे साठी उलटलेली एक चिनी आंटी दिवसभर वाफेत उभी असायची. मी मापं घ्यायला गेले की तिचा टेबलफॅन माझ्याकडे वळवायची. खिडकी उघडता येईल का, असं तिने विचारलं आणि मी येईल म्हणाले. का नाही येणार? नकाशा तयार होता, परवानगीही मिळाली होती.

मालकाला ते पटलं नाही. व्हरांड्यात बसलेल्या गिऱ्हाइकांना उष्ट्या भांड्यांचा ढीग दिसेल, म्हणाला. मी भांडले. आमचे बॉस वहीत काहीतरी लिहीत राहिले.

बॉस पुण्याचे. मीटिंगमध्ये त्यांना मराठी आठवत नाही. मला काही गिळायला लावायचं असलं की मात्र हमखास आठवते. रविवारी कामाला बोलवायचं तर मी 'आपल्यातली', बढतीचा विषय निघाला की पुन्हा इंग्रजी. त्या दिवशी लिफ्टचं दार बंद झालं आणि ते हळूच म्हणाले, "अगं, आपल्यातली म्हणून सांगतो, एका खिडकीसाठी एवढं ताणू नकोस."

या 'आपल्यातली'चा मला मनस्वी राग येतो. तरीही दरवेळी मी तिथेच विरघळते.

भिंत तशीच राहिली. वर मालकाला कल्पना सुचली, की झडपांमागे दुधी काच बसवून आत दिवा लावायचा, म्हणजे संध्याकाळी खिडकी उजळलेली दिसेल. बॉसना ती फार आवडली. ते ड्रॉइंगही मीच केलं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी सगळे त्याच खिडकीपुढे उभे राहून फोटो काढत होते. मला तिथे थांबवेना, म्हणून मी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने आंटीही तिथे आली. कर्मचाऱ्यांची ये-जा मागच्या गल्लीतून असायची, त्यामुळे पबची दर्शनी बाजू तिने अशी कधी पाहिलीच नव्हती. एप्रनला हात पुसत ती त्या पिवळ्या उजेडाकडे बघत राहिली.

"सो नाइस, लाह," ती म्हणाली. "दॅट वन हूज रूम, आह?"

"युवर्स, आंटी."

मी थट्टा करतेय असं वाटून ती खळखळून हसली.