अप्पांना आरेत दाखवलेलं गाव

आधीच सांगून टाकते, मी यातली नाही. भूतखेत, अंगात येणं, मांजर आडवं जाणं... काहीही नाही. आम्ही चेंबूरचे, मूळचे साताऱ्याकडचे बौद्ध. घरात देव्हारा नाही, नवस नाही, उतारा नाही. लहानपणी मी अंधाराला घाबरले की बाबा हात धरून त्याच अंधारात न्यायचे आणि विचारायचे, दिसलं काही? नाही ना? चल, जेवायला. इथले तुमचे अनुभव मी टाइमपास म्हणून वाचायचे आणि निम्म्यांना हसायचे. आता तुम्ही मला हसा, हरकत नाही. पण कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि बाबांना सांगायची हिंमत नाही.

मी सहली आखते. मोठी बस, शिट्टीवाला मॅनेजर आणि सगळ्यांना एकच उपमा, तसल्या नाही. ज्याला जशी हवी तशी. गुडघे बदललेल्या जोडप्याला पायऱ्या नसलेलं देऊळ शोधून देते. घरच्यांचा वैताग आलेल्या बाईला चार दिवस कुणी हाक मारणार नाही असं ठिकाण देते. घाटकोपरच्या एका काकांना, बायको गेल्यावर, माथेरानच्या त्याच लॉजच्या त्याच खोलीत राहायचं होतं. लग्नानंतर दोघं तिथे गेले होते. लॉजवाल्याशी हुज्जत घालून ती खोली मिळवून दिली. माणूस तोंडाने काय मागतो आणि त्याला खरं काय हवंय, हे ओळखणं हाच माझा धंदा. मला त्याचा माज होता, आता कबूल करते.

त्यातच मी एक नवीन प्रकार सुरू केला, ‘बिछान्यावरची सहल’. जे अंथरुणावरून उठू शकत नाहीत त्यांच्यासाठी. त्यांना जिथे जायचंय तिथे मी जाते आणि व्हिडिओ कॉल लावून ते सांगतील तशी फिरते. डावीकडे वळ म्हणाले की डावीकडे. एका आजींना मी त्यांची शाळा दाखवली होती, तेव्हा त्या फोनवरून तिथल्या पोरांना पाढे विचारत बसल्या. एवढं समाधान मला दुसऱ्या कुठल्याच कामात मिळालं नव्हतं.

मग मुलुंडहून संजयदादांचा फोन आला. त्यांचे वडील, अप्पा. गिरणीत जन्म काढलेला माणूस, ऐंशी पार, कंबर मोडून वर्षभर पडून. एकच धोशा लावला होता, गावचं घर बघायचंय. गाव सिंधुदुर्गात, नाव मुद्दाम देत नाही. मी म्हटलं, झकास, परवा निघते. मग दादा बाहेर गॅलरीत येऊन हळू आवाजात बोलले. घर आणि आवार त्यांनी विकलं होतं. घेणाऱ्याने घर पाडून तिथे रिसॉर्ट बांधलं होतं. अप्पांना काहीच माहीत नव्हतं, आणि कळलं तर ते त्याच दिवशी जातील अशी दादांना खात्री होती. “दुसरं कुठलं तरी दाखव ना,” ते म्हणाले. “त्यांना आता दिसतं तरी किती? झाडं, माती, बस झालं.”

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. उलट मीच म्हणाले, मग कोकणात तरी कशाला जायचं? आरे आहे की.

हो, आरे कॉलनी, मुंबईतलंच जंगल. माझी आयडिया, दादांची नाही. आणि वर स्वतःवर खूशही झाले, की काय डोकं चालतं यार आपलं. स्कूटरवरून जाऊन एक जागा हेरून आले. मेन रोडपासून थोडं आत, एका बंद पडलेल्या तबेल्याच्या मागे. मोठा आंबा, दोन फणस, शेवाळलेलं जोतं, तांबूस माती. फोनच्या कॅमेऱ्यातून तर अगदी कोकणच.

ठरल्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, मी कॉल लावला. अप्पांच्या पलंगापाशी दादा आणि स्मितावहिनी बसलेले दिसत होते. मी तयार ठेवलेली थाप मारली, की घराला कुलूप आहे, तिथे रेंज नाही, म्हणून मागच्या बाजूने दाखवते. अप्पांनी फोन डोळ्यांजवळ आणायला लावला. मग म्हणाले, आंब्याच्या उजव्या अंगाक गडगो आसा बघ. गडगा म्हणजे दगडावर दगड रचलेली भिंत. मी वळले, तर होती, पडकी होती पण होती. त्याच्या कडेकडेने पुढे जा म्हणाले, झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, दगड असेल. तोही होता. आता यात मला काही विशेष वाटलं नाही हं. आरेत दर दुसऱ्या झाडाखाली एखादा दगड असतोच, तिथल्या आदिवासी पाड्यांचे देव असतात ते. मला उलट बरं वाटलं, आपलं काम सोपं झालं म्हणून.

मग अप्पांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. मालवणी लोकांना माहीत असेल, घरातला मोठा माणूस देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. अप्पा मला म्हणाले, हय तू एकलीच आसस, तर तूच म्हण. मी म्हटलं, बरं.

“बा म्हाराजा, तू हयल्या जाग्याचो राखणदार. तुझो लेकरू अंथरुणार पडलोहा, तुझ्या पायाकडे येवक गावणा नाय म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

ते बोलत गेले, मी म्हणत गेले. खरं सांगते, माझं लक्षच नव्हतं. मेन रोडवर बसचा हॉर्न वाजला आणि मला वाटलं, आता पितळ उघडं पडतंय. फोनचा माइक तळव्याने झाकायला गेले. तेवढ्यात अप्पांचा आवाज एकदम चढला. “ह्या घरात दिवो लागाक होयो. पोराबाळांच्या हातान लागाचो नसात, तर आज हय जो कोण उभो आसा, त्येच्या हातान लागांदे रे म्हाराजा!”

आणि मी विचार न करताच म्हणून मोकळी झाले, व्हय म्हाराजा.

अप्पा रडत होते आणि हसतही होते. कॉल बंद झाला. मी स्कूटर काढून गोरेगावपर्यंत पोचलेही नसेन, तोच वहिनींचा फोन. तुझ्याबरोबर कोण कोण होतं गं? मी म्हटलं, कोण असणार, मी एकटीच. तर म्हणाल्या, खोटं नको बोलूस, पाच-सहा माणसांचा आवाज येत होता. तू म्हणत होतीस ते तर ऐकूच येत नव्हतं, एवढे ते जोरात म्हणत होते. त्यात एक बाईपण होती. मग दादांनी फोन घेतला, ते चिडलेले. माणसं आणायला कुणी सांगितलं होतं, एवढी ओव्हरअ‍ॅक्टिंग कशाला? मी आईशपथ घेतली. तेव्हा दादा हळूच म्हणाले, की अप्पा एकेकाचं नाव घेतायत. त्यांचा मोठा भाऊ, वहिनी, चुलते. सगळे कधीच वारलेले.

माझ्या बाजूला एक आवाज नव्हता हो. पाखरं आणि तो बसचा हॉर्न, बाकी काही नाही.

दोन-तीन दिवस मी बाबांच्या पद्धतीने विचार केला. क्रॉस कनेक्शन, प्रतिध्वनी, मुलुंडला शेजाऱ्यांचा टीव्ही, पाड्यातल्या पोरांनी केलेली मस्करी. एकही धड बसेना. पाड्यातली पोरं मालवणी कशाला बोलतील? आणि खरं तर मला खात होतं ते दुसरंच. आवाज कुणाचेही असोत, मी एका म्हाताऱ्याला भलत्याच दगडासमोर हात जोडायला लावले होते. शेवटी मी मुलुंडला गेले. दादा कामावर होते, वहिनी चहा टाकायला आत गेल्या, आणि मी अप्पांच्या पलंगाशी बसून सांगून टाकलं, की अप्पा, ती जागा तुमची नव्हती, मी तुम्हाला फसवलं.

“म्हायत आसा,” अप्पा म्हणाले. “आमच्या घराकडसून बस खय जाता गो?”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अप्पांचा आवाज मात्र अगदी शांत. गावातल्या कुणीतरी त्यांना फोन करून घर पाडल्याचं केव्हाच सांगितलं होतं. झिलाक बोलू नको, म्हणाले, त्येका वाटता माका म्हायत नाय, तसाच रवांदे. म्हणजे मुलगा बापासाठी लपवत होता आणि बाप मुलासाठी. मधल्यामध्ये मी एकटीच यात काही न गमावता बसले होते.

मी विचारलं, मग ते आवाज? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी फार सोपं काहीतरी विचारलंय. “थंय घर नाय रवला. मगे ती खय जातली? मी हाक मारलंय, थंय इली.” म्हणजे जिथे हाक मारली, तिथे आली. आणि मग माझा हात धरून म्हणाले, “दिवो लाव हां चेडवा. तू व्हय म्हटलंस.”

वहिनी चहा घेऊन आल्या. आम्ही गावच्या आंब्यांवर बोललो.

महिन्याभरात अप्पा गेले, झोपेतच. दिवसकार्य झाल्यावर दादांनी इंटरनेटवर माझ्याबद्दल लांबलचक लिहिलं, की या मुलीमुळे माझे वडील समाधानाने गेले. पाच स्टार. तेव्हापासून बिछान्यावरच्या सहलीसाठी रोज कुणी ना कुणी विचारतं. मी सगळ्यांना नाही म्हणते. ते स्टार उघडून बघायचीही मला लाज वाटते.

पणती घेऊन आरेत जायला मात्र मी टाळाटाळ करत राहिले. आज पाऊस, उद्या काम. आणि मनात हेही, की आपण दिवा लावायचा म्हणजे बाबांशी बेइमानी. पण मी देवाला नाही, अप्पांना व्हय म्हटलं होतं. मागच्या महिन्यात एका सकाळी गेले एकदाची. दगडापाशी वाकून काडी पेटवत होते, तोच मागून पाड्यातली एक मावशी आली, डोक्यावर भाजीची टोपली. तिने मला ओळखलं. तूच ना ती, फोनवर बोलत होतीस? मी म्हटलं हो.

“मग तुझी माणसं कधी नेतेस?”

मी म्हटलं, कसली माणसं?

“तुझ्याबरोबर आलेली. तू गेलीस गाडीवर बसून, ती राहिली इथंच. हा आमचा देव आहे बाई. त्याच्यापाशी बसून असतात. काय बोलतात, आम्हाला समजत नाही.”

ती घाबरलेली नव्हती. सोसायटीत कुणी दुसऱ्याच्या जागेत गाडी लावली की बोलतात, तशी बोलत होती. माझ्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. मी विचारलं, किती जण आहेत? तिने टोपली सावरली आणि म्हणाली, पाच-सहा असतील, आणि हल्ली एक म्हातारा आलाय. तो एका जागी बसत नाही, सारखा फिरत असतो.

मी तिथेच बसून रडले. अप्पा फिरतायत याचा आनंद की ते चुकीच्या जागी फिरतायत याचं दुःख, मला अजून सांगता येत नाही. माणसाला हवं तिथे पोचवणं हा माझा धंदा, आणि या माणसांना मी परक्याच्या दारात सोडून घरी निघून आले होते. मावशी म्हणाली, पणती तूच लावून जा. मी लावली.

तुम्ही म्हणाल, त्या बाईने थट्टा केली, किंवा कुठून तरी ऐकलं. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. पण तिला त्या पाच-सहा जणांचं कुठून कळणार, आणि अप्पांचं कोण सांगणार? स्मितावहिनींना मी सहज म्हणून विचारलं, की तुमच्याकडे पूर्वजांना एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायचं असेल तर काय करतात? त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, नारळ घ्यायचा, चला म्हणायचं, आणि वाटेत मागे वळून बघायचं नाही. का, ते त्यांनी विचारलं नाही.

काल मी त्या रिसॉर्टला फोन केला. घर नाही, पण राखणदाराची जागा अजून आवाराच्या कडेला आहे, त्यांनी ती तोडली नाही, असं तिथला माणूस म्हणाला. मी पुढच्या आठवड्याचं बुकिंग केलं. किती जण, त्याने विचारलं. मी म्हटलं, एकटीच. फोन ठेवला आणि एकदम अपराध्यासारखं वाटलं. पुन्हा तेच, त्यांना न विचारता माझं मी ठरवून मोकळी.

म्हणून परत फोन लावला आणि सगळ्यात मोठी खोली मागितली. तो म्हणाला, मॅडम, एकट्याला एवढी कशाला?

मी म्हटलं, एकटी नाहीये, माझी माणसं आहेत.