हिंदीत सांगता न आलेला थकवा

आई गेल्यावर सगळे म्हणाले, आता तू जरा आराम कर. लकव्याने ती कित्येक वर्षं खाटेवर होती आणि लग्न न केलेली मुलगी म्हणून तिचं सगळं माझ्याकडे होतं. शाळेत शिकवायचं, बसने आमगावला परतायचं, तिला कुशीवर वळवायचं, भरवायचं. आता त्यातली फक्त शाळा आणि बस उरली होती. तरी अंगातला शीण हटेना. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत पडून राहिले तरी उठताना वाटायचं, आत्ताच बांधीत धानाची रोवणी करून आलेय.

एका संध्याकाळी बस आमगावला थांबली, माणसं उतरली आणि मी बसूनच राहिले. झोपले नव्हते. स्टँड दिसत होतं, उतरायचंय हेही कळत होतं, उठवत नव्हतं. बस देवरीच्या रस्त्याला लागल्यावर कंडक्टर जवळ आला. "मॅडम, आमगाव मागं राहिलं ना!" पुढच्या फाट्यावर उतरले आणि दादाला फोन केला. तो मोटारसायकल घेऊन आला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्ट चांगले आले, याचंच मला वाईट वाटलं. ते म्हणाले, गोंदियाला समुपदेशन करणाऱ्या एक बाई आहेत, एकदा बोलून बघा, आणि त्यांचा नंबर दिला.

दादा भडकला. "काऊन? पागल झाली का तू? शाळेत समजलं तर लोक काय म्हणतीन?"

"पागल नाही झाली. थकली मी."

"आम्ही नाही थकत?"

नंबर फोनमध्ये तसाच पडून राहिला. कधी वाटे, दादाचं बरोबर आहे. आई तर सगळ्यांचीच जाते. कधी वाटे, पुन्हा एक बस, पुन्हा एक काम. बरं होण्यासाठीही मेहनत घ्यायची, हेच नकोसं झालं होतं.

शेवटी मधल्या सुट्टीत बाईंना फोन लावला. "जी, बताइए, क्या तकलीफ है?"

गोंदियात दुकानापासून बँकेपर्यंत मी हिंदीच बोलते. पण तेव्हा "थकान" एवढाच शब्द सुचला, आणि तोही दुसऱ्याच कुणाचा वाटला. "बाद में करती हूँ" म्हणून मी फोन ठेवला.

काही दिवसांनी पुन्हा लावला. आधीच विचारलं, "मराठीत बोललं तर चालते का?"

"चालते ना. मी इथलीच आहे. कसं होऊन राहिलं तुम्हाला?"

इतकी वर्षं लोक मला आईचंच विचारायचे. मी शाळेच्या नळामागे उभी राहून रडले. बाईंनी फोन ठेवला नाही. मग म्हणाल्या, शनिवारी या.

शनिवारी दादाने स्टँडवर सोडायला म्हणून गाडी काढली आणि थेट गोंदियापर्यंत नेली. तो बाहेर चहाच्या टपरीवर बसला. आत मी फार बोललेच नाही. बाई म्हणाल्या, घाई नाही.

"काय म्हणे?" दादाने विचारलं.

"पुढच्या शनिवारी बोलावलं."

गाडी सुरू करता करता तो थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मलेही जेवण नाही जाऊन राहिलं. आई गेली तवापासून."

"बाईंना विचारू का तुझ्यासाठी?"

"पाहू."

थकवा होता तसाच होता. मी मागे बसले, त्याचा खांदा धरला आणि डोळे मिटून घेतले.