तिसरा साधु

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात शिवणवर्ग चालतो आणि संध्याकाळच्या वंदनेला सगळ्या मशीन थांबतात. काल मात्र तासाभरात बालवाडीचं संमेलन होतं आणि निम्म्या फ्रॉकना अजून बाह्याच नव्हत्या. मी बालवाडीची बाई, दारात नुसती तळमळत उभी! त्यात वंदना सांगणारे कांबळेकाका म्हणजे एकेक ओळ निवांत लांबवणारे. आता संपलंच सगळं, असं मी मनात म्हटलं.

बायकांनी मशीनपाशी बसूनच हात जोडले, डोळे मिटले. माझी नजर सहज खाली गेली, तर सगळ्यांचे पाय पेडलवर तयार! चेहरे इतके शांत आणि पायांना ही घाई. मला हसू आलं, मग उगाच भरूनही आलं. आपण हात जोडतो तेव्हा आपले पाय कुठे असतात, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आणि काका? काका चक्क भराभर म्हणत होते! शेवटी तीनदा 'साधु' म्हणायचं असतं. पहिला झाला, दुसरा झाला आणि तिसऱ्याच्या आधीच शोभाताईंचा पाय सुटला. खडखडखड! त्यांच्या मागोमाग साऱ्या मशीन धावल्या. तिसरा साधु कुणाला ऐकूच आला नाही.

शोभाताईंनी जीभ चावली. "काका, चुकलं हो!"

काका चष्मा पुसत सतरंजीवर बसले.

"बोलत बसू नकोस शोभा, बाह्या लाव," ते म्हणाले. "आणि मला तेवढी सुई ओवून दे. बटणं मी लावतो."