तिसऱ्या रांगेला दार नसतं

मंडळी, सात सीटची गाडी घेताना मी मायलेज बघितलं, डिकी बघितली, सनरूफसाठी तर हट्टच धरला. तिसऱ्या रांगेला स्वतःचं दार नसतं, हे मात्र आज कळालं.

लेकीला नीटच्या क्लाससाठी लातूरला सोडायला निघालो होतो. मागची अर्धी सीट पाडून गादी अन् कूलर भरला. पुढं मी अन् बायको, मधे आई, बाबा, लेक. माझी आत्या अंगानं बारीक, म्हणून तिला मागच्या उरलेल्या सीटवर बसवलं.

नांदेड सोडून गाडीनं वेग घेतला अन् सगळी दारं आपोआप खट्कन लॉक झाली. मागून आत्या ओरडली, "उघड रे बाबा, मला भाईर काढ."

आत्याचं सासरचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात पडलं. तिच्या घरात अजून रात्री कुणी आतून कडी लावत नाही. हे मला माहीत होतं, तरी तिला तिथं बसवलं.

गाडी थांबवली. मधले तिघं उतरले, सीट पाडली, तेव्हा कुठं ती बाहेर आली. परत मागं बसेना. लेक तिच्या जागी जाऊन बसली.

लातूरला होस्टेलपुढं सगळे उतरले. मधली सीट पाडायला मी खटका धरला, तर लेक आतून हळूच म्हणाली, "पप्पा, जरा थांबा ना. एवढ्यात उघडू नका."

मी थोडा थांबलो. मग सीट पाडली.

तुम्ही असता तर?