भातकापणीच्या मशिनीचं तेल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर थोरल्या बहिणीचे. आम्ही तिला आक्का म्हणतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्यासाठी सातवीनंतर शाळा सोडून खाचरात उतरली ती आक्का. माझी फी, माझी खोली, माझे कपडे, सगळं तिच्या चिखलातून आलं.

ती इगतपुरीजवळ गावात राहते, मी नाशकात इंदिरानगरला. तिचे यजमान वारले, मुली सासरी गेल्या. भातशेती ती एकटी बघते. कापणीला आता माणसं मिळत नाहीत, बरीचशी द्राक्षाच्या छाटणीला निघून जातात. म्हणून मी तिला खांद्याला अडकवून चालवायची मशीन घेऊन दिली. लांब दांडा, टोकाला गोल पातं, मागे छोटं पेट्रोलचं इंजिन. घेऊन दिली तिला, पण चालवायचो मी. आठवडाभर कचेरी, रविवारी पहाटेची गाडी, दिवसभर खाचरं. सोमवारी हातात असा कंप राहायचा की सही धड येत नसे. साहेब विचारायचे, बरं नाही का. मी म्हणायचो, बरं आहे.

शेत कुणाला तरी अर्धेलीनं, निम्म्या वाट्यावर देऊन टाक आणि आमच्याकडे ये, असं मी तिला कितीदा म्हटलं असेल. यंदा तीच वैतागून म्हणाली होती की या वेळी आपल्या हातानं कापणी निभावली नाही, तर देऊन टाकीन. बोललेलं ती फिरवत नाही. त्यामुळे यंदाची कापणी म्हणजे तिचं शेत राहणार की जाणार, एवढाच प्रश्न होता.

दसऱ्याच्या सुमारास कचेरीत तपासणी होती, मला जाता आलं नाही. त्यानंतरच्या शनिवारी तिचा फोन आला. तिनं मशीन नुसती सुरू करून बघितली, तर पांढरा धूर सोडायला लागली, म्हणून बंद करून ठेवली होती. भात पिकून वाकलं होतं आणि आभाळ अजून मोकळं होत नव्हतं.

रविवारी गेलो. मशीन पडवीत भिंतीला टेकून उभी होती. धुऊन चकचकीत केलेली, दांड्याला झेंडू बांधलेला, टाकीवर हळदीकुंकवाची बोटं. मी ती अंगणात फरशीवर आणून इंजिन सपाट बसेल अशी ठेवली. तेलाचं झाकण उघडलं. त्या झाकणालाच छोटी काडी असते, तीच मापाची. काडी पुसली, आटे न फिरवता नुसती आत टेकवली आणि वर काढली. तेल खुणेच्या बरंच वर होतं. वास घेतला, तर शेंगदाण्याचा.

मी आक्काकडे बघितलं. ती पदरानं हात पुसत उभी होती.

"खंडेनवमीला इळा धुतला, कोयता धुतला, समद्यांना तेल लावलं," ती म्हणाली. "ही काय परकी हाय? तू आला नाय. मी काडी पाहिली तर कोरडी. सणाचं उपाशी ठेवायचं का तिला?"

काडी कोरडी लागणारच. मशीन भिंतीला उभी असताना तिनं बघितलं होतं, आतलं तेल एका बाजूला गेलेलं. एवढ्याशा इंजिनाला तेल तरी किती लागतं, चहाचा अर्धा कप. त्यात तिनं पळीभर गोडं तेल ओतलं होतं.

मी तिथंच बसून राहिलो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरं वाटलं. इंजिन गेलं असेल तर गेलं. कुणाचा दोष नाही, शेत सुटेल, रविवार माझे होतील. कंबर इतकी दुखत होती की हा विचार मनात आल्याची लाजही वाटली नाही. मग आक्का विचारू लागली, "मरंल का रं ती?" आवाजात एवढी भीती मी तिच्या नवऱ्याच्या आजारपणात ऐकली होती.

मी उठलो. मशीन आडवी करून तेल जुन्या ताटलीत काढलं. थोडं नवं इंजिन ऑइल घालून हलवलं, तेही काढून टाकलं. मग पुन्हा नवं, खुणेपर्यंत. हवेच्या गाळणीचा स्पंज तेलानं भिजला होता, तो साबणानं धुऊन वाळत घातला. तो वाळेपर्यंत आक्कानं भाकरी केल्या. आम्ही जेवलो.

दुपारी दोरी ओढली. चौथ्या-पाचव्या ओढीला इंजिन लागलं. धूर आला, पातळ झाला, गेला. मी पट्टा खांद्यावर घेतला आणि अर्ध्या खाचरातच थांबलो. हात उचलेना.

आक्का बांधावरून उतरली. "दे इकडं, साहेब. भाताचे भारे वाहिलेत मी, हे काय वझं हाय?"

पट्टा तिच्या मापाचा करून दिला. पहिल्या ओळीला तिनं बांधाची माती उडवली, मला शिवी दिली आणि पुढं गेली. तिसऱ्या ओळीला भात एका बाजूला नीट पडायला लागलं. मी बांधावर बसलो होतो, कधी डोळा लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा ती खाचराच्या पार टोकाला होती आणि मशीन चालू होती.

पुढच्या आठवड्यात मी तिला पत्र पाठवलं. ते असं:

ती. आक्कास, शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितो. उरलेली खाचरं तू कापलीस हे कळलं. शेत देऊन टाक असं मी आता म्हणणार नाही. पण दर रविवारी येणंही मला होणार नाही. रागावून नाही, दमलोय म्हणून. हे तुला सांगायला मला फार जड गेलं, कारण तू कधी दमलीस असं मला सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. माझं शिक्षण तुझ्या कष्टांचं आहे.

मशीन चालू करायच्या आधी तेल बघत जा. इंजिन थंड असताना, अंगणात सपाट ठेवून. काडी पुसून मग बुडव. कमी वाटलं तर फडताळात ठेवलेल्या बाटलीतलंच घाल, थोडं थोडं. पेट्रोल भरताना इंजिन बंद ठेव. पायात बूट घाल, डोळ्यांवर चष्मा लाव.

भाताची झोडणी झाली की कळव. मी येईन, पण खाचरात उतरणार नाही. ओटीवर झोपेन. मला उठवू नकोस.

तुझा भाऊ