अंगठ्याखालचा मदरबोर्ड

सुटे भाग आणून घरी संगणक जुळवायचा असेल, तर निवडीत सर्वांत जास्त वेळ मदरबोर्डाला द्यावा, असे मी विद्यार्थिनींना आजही सांगते. प्रोसेसर, मेमरी, चित्रे दाखवणारे कार्ड हे सारे ज्या पाटीवर बसते, ती पाटी चुकली तर उरलेले भाग कितीही उत्तम असोत, ते निरुपयोगी ठरतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. त्यामागची भीती मात्र मी सांगलीच्या एका दुकानात शिकले.

नव्वदचे दशक संपत आले होते. मी कोरेगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि एका भाड्याच्या खोलीत राहत होते. मैत्रिणीच्या घरी संगणकावर विमान उडवण्याचा खेळ मी एकदा पाहिला होता. ढगांतून धावपट्टी हळूहळू दिसू लागते, तो क्षण माझ्या मनातून जाईना. तसा खेळ चालेल असा संगणक स्वतः जुळवायचा, असे मी ठरवले. पेटी, वीजपुरवठ्याचा डबा, प्रोसेसर, मेमरी, पडदा, डिस्क आणि चित्रांचे खास कार्ड मी साताऱ्याहून जमवले होते. आता मदरबोर्ड राहिला होता. त्यावर त्या कार्डासाठी वेगळी खाच असणे अत्यावश्यक होते.

सांगलीला माझे माहेर, म्हणून तो तिथेच घ्यायचे ठरवले. आण्णा, म्हणजे माझे वडील, हळदीच्या पेठेत मालाची पारख करत. पोत्यातून हळकुंड उचलायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचे, अंगठ्यांनी दाब देऊन मोडायचे. मोडतानाचा आवाज ऐकायचा आणि मग आतला रंग पाहायचा. बाहेरून पिवळे दिसणारे काहीही त्यांना फसवू शकत नसे. त्यांनी मान हलवली की सौदा पुढे सरके.

"तुझ्यासंगं येतो," ते म्हणाले. "माल हातात घेतल्याबिगर घ्यायचा न्हाई. आन् मास्तरीण झालीस, आता इमानं उडवणार व्हय?"

"खेळातली, आण्णा."

"पडलं तर खेळातच पडंल, बरं हाय."

दुकानात त्या दिवशी वीज नव्हती. तरुण दुकानदाराने दोन बोर्ड काढून काचेवर ठेवले. पहिल्यावर मला हवी ती खाच होती, आणि तसा तो एकच शिल्लक होता. दुसऱ्यात चित्रांची सोय आतच बसवलेली होती. माझे कार्ड त्यावर बसलेच नसते. मी खाचा मोजून पाहत होते. तेवढ्यात आण्णांनी पहिला बोर्ड उचलला, दोन्ही कडा चिमटीत धरल्या आणि अंगठ्यांनी मध्ये दाब देऊन कानाजवळ नेला.

बोर्ड वाकला. 'टक्' असा बारीक आवाज झाला.

"अहो काका, वाकवू नका!" दुकानदार ओरडला. "सर्किट आहे ते!"

"मोडाय न्हाई लागलो रं. आवाज ऐकतोय."

"त्याचा आवाज वीज दिल्यावर येतो!"

"आमच्या मालाचा आदीच येतो," आण्णा हसून म्हणाले. त्यांनी बोर्ड खाली ठेवला. "ह्योच घे, पोरी. कडक हाय."

दुकानदाराने दुसरा बोर्ड झटकन आपल्याकडे ओढून घेतला आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तपासून देता आलं असतं, पण वीज संध्याकाळी येणार. हा पहिला घ्यायचा तर असाच न्यावा लागेल. परत आणलात तर मी घेणार नाही."

मदरबोर्डाच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या रेषा थरांवर थर अशा पसरलेल्या असतात. त्यांतली एखादी तुटली तर डोळ्यांना दिसत नाही. तो आवाज रेषेचा होता की नुसत्या एखाद्या प्लास्टिकच्या कडेचा, हे कळायला मार्ग नव्हता. दुसरा बोर्ड घेते म्हणाले असते, तर आण्णांना त्याच क्षणी कळले असते की त्यांनी हाताने माल नासवला. पेठेत आजवर कोणी त्यांच्या हाताला असे म्हटले नव्हते. माझ्या वर्षभराच्या बचतीपेक्षाही मला त्याचीच धास्ती वाटली. मी पहिला बोर्ड घेतला.

"चालू हुताना बघतो, मग परततो," म्हणत आण्णा माझ्याबरोबर कोरेगावला निघाले. पॅसेंजरमध्ये मी खोका मांडीवर धरून बसले होते. रुळांच्या प्रत्येक सांध्याला गाडी हादरे आणि माझ्या डोळ्यांपुढे एक रेष थोडी आणखी उकले. आण्णांनी शेंगा पुढे केल्या. मी खोक्यावरचे हात काढले नाहीत.

रहिमतपूर मागे पडल्यावर त्यांनी विचारले, "त्यो पोरगा एवढा का वराडला गं?"

"उगंच. माल नाजूक असतो ना."

ते खिडकीबाहेर पाहू लागले. उरलेल्या शेंगा त्यांनी पिशवीत परत टाकल्या.

खोलीवर पोहोचल्यावर मी वर्गात प्रयोग मांडावा तशी मांडणी केली. टेबल पुसले. पेटीच्या तळाशी पितळी आधार बसवले, त्यांवर बोर्ड टेकवला. प्रोसेसर जोर न लावता खाचेत उतरवला. तो आपल्या वजनाने बसला पाहिजे. मेमरीची पट्टी दाबली. चित्रांचे कार्ड बसवले आणि त्याची पत्र्याची पट्टी मागच्या बाजूला स्क्रूने घट्ट आवळली, मग वायरी जोडल्या. आण्णा खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवून बसले होते.

मी बटण दाबले. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. मग पेटीतून एक लांब आणि दोन आखूड सूर आले.

या सुरांना अर्थ असतो. बोर्डाबरोबरच्या पुस्तिकेत मी तो शोधला: चित्रांच्या कार्डाशी संपर्क होत नाही. याची कारणे दोन असू शकत होती. एक तर कार्ड नीट बसले नव्हते. नाहीतर खाचेकडे जाणारी रेष तुटली होती. दुकानात आण्णांचा डावा अंगठा कुठे टेकला होता, ते मला स्वच्छ आठवत होते.

मी वीज बंद केली. मागून आण्णांचा आवाज आला, "त्या काळ्या खाचंपाशीच माझा अंगठा व्हता न्हवं?"

मी पेटीत वाकून पाहू लागले.

"बोल की. म्या वाकवलं तवाच गेलं का ते?"

"अजून कळलं नाही, आण्णा. बघू या."

"आरं द्येवा," ते एवढेच म्हणाले.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कारण कळते, असे मी मुलींना शिकवत असे. त्या वेळी मला सगळेच एकदम उपटून काढावेसे वाटत होते. तरी मी फक्त कार्डाकडे पाहिले. मागचा स्क्रू मी भीतीपोटी फार आवळला होता. पत्र्याची पट्टी त्याच्याकडे खेचली गेली होती आणि कार्डाची आतली शेपटी खाचेतून किंचित वर उचललेली वाटत होती. निदान मला तसे दिसावे अशी इच्छा होती. स्क्रू सैल केला, कार्ड सरळ खाली दाबले, स्क्रू बोटाने टेकेल इतकाच फिरवला. वायरी पुन्हा तपासल्या. बटणावर बोट ठेवल्यावर ते दाबायला मला वेळ लागला.

एकच छोटा सूर आला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली.

आण्णा उठले, पण टेबलापर्यंत आले नाहीत. "झालं?"

"चालू झालं."

"पुढं बंद न्हाई पडायचं?"

सैल कार्ड हे कारण होते, की दाबल्यामुळे तुटलेली रेष तात्पुरती जुळली होती, हे त्या पांढऱ्या अक्षरांवरून सांगता येत नव्हते. मी सीडी घालून संगणक चालवणारी मुख्य प्रणाली चढवायला घेतली. निळी पट्टी कणाकणाने सरकत होती आणि आम्ही दोघे तिच्याकडे पाहत होतो. पट्टी भरली तेव्हा बाहेर अंधारून आले होते. पडद्यावर एक चौकट उघडली.

"आता काय म्हंतंय?"

"संगणक बंद करून पुन्हा सुरू करा म्हणतंय."

आण्णांनी माझ्याकडे पाहिले. एकदा बंद केलेला संगणक पुन्हा लागेलच, याची खात्री आम्हा दोघांनाही नव्हती. माझा हात माऊसवर होता. मी तो उचलून मांडीवर घेतला.

"आदी जेवू या," ते म्हणाले.

मी भाकऱ्या थापायला घेतल्या. पिठले होते, कांदा होता. त्या संध्याकाळी आण्णांनी नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त मागून घेतली आणि मीही तव्यावर आणखी एक टाकली. पंख्याची घरघर ऐकत आम्ही सावकाश जेवत राहिलो.