लाल दिवा लागला नव्हता

देवदेवस्की, भूतबाधा असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. जन्मभर स्टेअरिंग धरलं, अंगारा कधी लावला नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

नव्वद सालच्या पुढेमागे मी जोयडा–दिग्गी बसवर ड्रायव्हर होतो. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल आणि दिवसाला एकच फेरी. बस चुकली की उद्यापर्यंत बसा. म्हणून आडरानातल्या वाड्यांवरच्या लोकांनी एक युक्ती काढली होती. बस दिग्गीकडे जायच्या आधी कुणीतरी येऊन रस्त्याकडेला दगडाखाली हिरवी डहाळी लावून जायचं. म्हणजे, परतताना इथे थांबा, माणूस येतोय. डहाळी बघायचं काम कंडक्टर रवळूअण्णांचं. ते दोरी ओढायचे आणि माझ्या डोक्यावरची पितळी घंटी वाजायची. एक घंटी थांब, दोन घंट्या चल.

मग नवी बस आली. तिच्यात दोरीच नव्हती, विजेचा बझर होता. कंडक्टरने बटन दाबलं की टर्र आवाज आणि माझ्यासमोर लाल दिवा. मला तर फार आवडला. दोरीला लोक पिशव्या अडकवायचे, गर्दीत कुणी ती धरूनच उभा राहायचा आणि मी उगाच ब्रेक मारायचो. तो ताप गेला, बस वेळेवर पोचायला लागली. अण्णा मात्र नाक मुरडायचे. "रेड्यावानी वरडतोय की ह्यो," म्हणायचे. त्याच वर्षी ते रिटायर झाले. जुन्या बसची घंटी आम्ही त्यांना निरोपाला दिली, ती घेऊन ते रामनगरला घरी गेले.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मंगळवार होता, भर दुपार. दिग्गीहून परत निघालो होतो, नवा कंडक्टर मल्लेश मागे तिकिटं फाडत होता. जांभळीच्या वळणावर माझ्या डोक्यावर घंटी वाजली. एकच... पितळी, खणखणीत. पाय आपोआप ब्रेकवर गेला. समोर बघतो तर लाल दिवा लागलेला नाही.

मल्लेशने बटनाला हातही लावला नव्हता. बाहेर ना डहाळी, ना माणूस. पहिल्या सीटवरच्या म्हातारीने घंटी ऐकली होती, बाकी कुणीच नाही. लोक कुरकुरायला लागले. माझी मलाच लाज वाटली. गिअर टाकणार, तेवढ्यात मल्लेश म्हणाला, "थांबा मामा, खालनं कोन तरी येतंय."

चार जण बांबूला बांधलेली घोंगडीची झोळी खांद्यावर घेऊन चढ चढत होते. झोळीत एक पहिलटकरीण, रात्रीपासून अडलेली. तिच्या तोंडून आवाजही फुटत नव्हता. तिला मागच्या लांब सीटवर निजवलं. नवरा धापा टाकत म्हणाला, "वाडीत आमी चौघंच बाप्ये हाय. खांदा सोडून डहाळी लावाय कोन येनार? बस गावंल असं वाटलंच न्हवतं."

जोयड्याच्या दवाखान्यात पोचलो. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत असं कळलं, तेव्हा मी स्टेअरिंगवर डोकं टेकून रडलो, सांगायला लाज कसली.

इलेक्ट्रिशियनने सगळी गाडी तपासली. बझर ठणठणीत होता, आणि गाडीत दुसरी घंटी कुठून असणार?

सुट्टीच्या दिवशी अण्णांना सांगायला रामनगरला गेलो. मी तोंड उघडायच्या आधीच अक्का, त्यांची बायको, तक्रार सांगू लागल्या. घंटी पडवीत टांगलेली होती. मंगळवारी दुपारी हे भरल्या ताटावरून उठले आणि उष्ट्या हातानेच ती एकदा वाजवून आले. रिटायर झाल्यापासनं डोस्कं ठिकानावर न्हाई, असं अक्कांचं मत.

मी विचारलं, "कशाला वाजवलीत अण्णा?"

अण्णा ओशाळले. "जेवताना डोळ्यांसमोर डहाळी दिसली रे. सवय... दुसरं काय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्या दिवशी डहाळी नव्हतीच, लावायला माणूसच नव्हता, हेही सांगितलं.

अण्णांनी उठून घंटीचा लोळा हातात धरला. मग म्हणाले, "मग मला कशी दिसली?"

बझर चांगलाच होता, हे मी अजूनही म्हणेन. फक्त रिटायर होईपर्यंत जांभळीच्या वळणावर मी दिवा लागायची वाट बघितली नाही. आपणच गाडी हळू करायचो आणि खालच्या वाटेकडे एकदा बघून घ्यायचो.